दिवस राहायच्या आधी आणि नंतर : व्हिटॅमिनच्या गोळ्या घेताना काय बघायचं

मी फार्मसिस्ट आहे, तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे आणि गेली बारा वर्षं काउंटरवर मीच बसते. आठवड्यातून एकदा तरी एखादी मुलगी येते, बरोबर नवरा नाहीतर सासूबाई, आणि हळू आवाजात म्हणते, "ताई, दिवस राहिलेत, ताकदीचं काहीतरी द्या ना." मी पहिलं विचारते, फॉलिकची गोळी चालू आहे का? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की नाही, अजून डॉक्टरकडे गेलोच नाही, तिसरा लागला की जाऊ. हे ऐकलं की जीव तुटतो, कारण ज्या गोळीची सगळ्यात जास्त गरज असते तिचा मोक्याचा काळ तोपर्यंत निघून गेलेला असतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय, नव्याने बाळाचा विचार करणाऱ्या कुणालाही कामी येईल असं. हे वाचून डॉक्टरकडे जायचं टाळू नका, उलट जाताना काय विचारायचं ते कळावं म्हणून वाचा.

पहिलं काम : फॉलिक ॲसिड, आणि तेही पाळी चुकायच्या आधी

बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. आता हिशोब करून बघा. पाळी २८ दिवसांची असेल तर गर्भ राहतो चौदाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच ती नळी बंद झालेली असते किंवा काही कारणाने उघडी राहिलेली असते. आपण किट आणून टेस्ट करणार, मग घरात सांगणार, मग अपॉइंटमेंट घेणार, तोवर ते काम उरकलेलं असतं. नळी उघडी राहिली तर स्पायना बायफिडा, म्हणजे मणक्यातलं व्यंग, किंवा त्याहून गंभीर ॲनेनसेफली, जिथे कवटी आणि मेंदूच नीट तयार होत नाही. म्हणून ही गोळी दिवस राहायच्या आधी चालू करायची, निदान एक महिना आधी, आणि जमलं तर तीन महिने आधी, आणि पुढे तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायचीच.

डोस किती? साध्या, तब्येतीने ठीक असलेल्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम. आणि इथेच गोंधळ होतो, कारण आपल्याकडे मेडिकलमध्ये फॉलिक मागितलं की पटकन हातात येते ती ५ एमजीची गोळी. १ एमजी म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५ एमजीची गोळी ही त्या ४०० च्या साडेबारा पट आहे. ती वाईट नाही, पण ती ठराविक बायकांसाठी आहे : आधीच्या बाळाला असं व्यंग होतं, नवरा-बायकोपैकी कुणाला किंवा जवळच्या नात्यात आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत, डायबिटीस आहे, सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे, कधीकधी वजन खूप जास्त असेल तरी डॉक्टर लिहितात. ज्यांना एकदा असं बाळ झालंय त्यांना ४ एमजी फॉलिक दिल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं, हे १९९१ साली सात देशांत मिळून केलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. डॉक्टरने ५ एमजी लिहिली असेल तर घ्या, फक्त विचारा की मला ही का. आपल्या मनाने मात्र मोठी गोळी उचलू नका, त्याचं कारण पुढे व्हिटॅमिन B१२ च्या भागात सांगते.

फिटच्या गोळ्यांमध्ये व्हॅलप्रोएट असेल तर बाळाचा विचार करायच्या आधीच मेंदूच्या डॉक्टरशी बोला. ती गोळी अशा व्यंगाचा धोका वाढवते, पण ती स्वतःहून बंद करणंही तितकंच धोक्याचं आहे, अचानक फिट येऊ शकते, त्यामुळे बदल करायचा तो त्यांनीच.

आजकाल मेथिलफोलेट नावाच्या महाग गोळ्या खूप चालतात, "ॲक्टिव्ह" फॉलिक म्हणून. पण मणक्याचं व्यंग टाळतं असं सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक ॲसिडबद्दल. साधी स्वस्त गोळी घेतेय म्हणून बाळाला काही कमी देतेय असं अजिबात वाटून घेऊ नका.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. हे फॉलिक सापडलं त्याचा धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना इतका जीवघेणा ॲनिमिया का होतो ते शोधायला. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं आणि यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे ते तेव्हा माहीत नव्हतं, पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक म्हणायला लागले. गिरणीत उभं राहून राबणाऱ्या त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, पण आज आपण जी गोळी घेतो ती त्यांच्यामुळे.

दुसरं : गोळ्या घ्यायच्या आधी रक्त तपासा

हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, शुगर, B१२ आणि जमलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती आहे ते. यात मी B१२ साठी भांडते म्हणा हवं तर, कारण आपल्याकडे ते सगळ्यात जास्त कमी असतं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं.

B१२ मिळतं फक्त प्राण्यांपासून, म्हणजे मटण, मासे, अंडी, दूध, दही. भाजीपाल्यात, डाळीत नाही. घरात नॉनव्हेज खात असतील तरी बाईच्या ताटात किती येतं हा वेगळाच विषय. श्रावण, चातुर्मास, सोमवार, गुरुवार, शनिवार असं धरत गेलं तर महिन्यात चार-पाच वेळा, आणि दूध म्हणाल तर चहात पडेल तेवढं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केलाय. त्यात जवळजवळ दोनतृतीयांश आयांमध्ये B१२ कमी निघालं. आणि २००८ मध्ये त्यांनी मांडलेली गोष्ट तर प्रत्येकीला माहीत पाहिजे : ज्या आयांचं फॉलिक जास्त आणि B१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणजे पुढे डायबिटीसकडे नेणारी वाट. यावरून फॉलिक बंद करायचं नाही हं! फॉलिकबरोबर B१२ पण बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि नुसत्या मोठ्या डोसच्या फॉलिकने काय होतं, की B१२ कमी असूनही हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट छान दिसतो, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या वेळी हिमोग्लोबिन ९ होतं, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, तीन महिने एकही चुकवली नाही तरी काटा हलेना. हातापायाला मुंग्या यायच्या, सगळे म्हणायचे गरोदरपणात येतातच. मी स्वतः फार्मसी शिकलेली असून मलाही सुचलं नाही. सातव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी B१२ तपासलं तर ते फार खाली गेलेलं, इंजेक्शनं घ्यावी लागली. माळकरी घरातली मी, अंडंसुद्धा नाही खाल्लेलं कधी, हे आधीच कुणी विचारलं असतं तर ते सहा महिने तसे गेले नसते.

PCOD (पाळी अनियमित होते तो अंडाशयाचा त्रास) साठी मेटफॉर्मिन चालू असेल तर B१२ नक्की तपासा, ती गोळी बरेच महिने घेतली की B१२ कमी होतं.

आणि अजून एक तपासणी, हिमोग्लोबिन कमी आलं की लगेच लोह चालू करायच्या आधीची : सिकलसेल आणि थॅलेसेमिया. विदर्भात, गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल बरंच आहे, सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत थॅलेसेमिया मायनर सापडतो, म्हणजे या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा दोष अंगात असतो पण त्रास फारसा नसतो. यात रक्त कमी दिसतं पण लोह कमी असेलच असं नाही, आणि गरज नसताना महिनोन्महिने लोह घेणं बरं नाही. आणि नवरा-बायको दोघंही मायनर निघाले तर बाळाला मेजर, म्हणजे गंभीर आजार, होण्याची भीती प्रत्येक वेळी २५ टक्के असते, त्यामुळे हे आधीच कळलेलं बरं.

तिसरं : आधी काय बंद करायचं

काय घ्यायचं हे सगळे विचारतात, काय थांबवायचं हे कुणीच विचारत नाही.

व्हिटॅमिन ए, रेटिनॉल स्वरूपातलं, दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला व्यंग होऊ शकतं. म्हणून कॉड लिव्हर ऑईलच्या कॅप्सूल बंद. आणि कलेजी पण नको, घरी मोठी माणसं प्रेमाने म्हणतील कलेजी खा रक्त वाढेल, पण कलेजीत हेच व्हिटॅमिन ए प्रचंड असतं. गाजर, भोपळा, शेवग्याची पानं खा बिनधास्त, त्यातलं बीटा कॅरोटीन चालतं. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या बंद करून निदान एक महिना झाल्याशिवाय दिवस राहू द्यायचे नाहीत, यात तडजोड नाही.

केसांच्या गमीज, बायोटिन : त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस तरी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

अश्वगंधा, जिमचे पावडर डबे, वजन कमी करायचे चहा, सगळं बाजूला. शतावरी कल्प घरोघरी देतात, तो घ्यायचाच असेल तर वैद्यांना आणि गायनॅक डॉक्टरांना दोघांनाही सांगून घ्या. पण लेबल नसलेली भस्म, पुड्या, कागदात बांधून दिलेलं चूर्ण अजिबात नको. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं, ते त्या घेत असलेल्या आयुर्वेदिक औषधांमुळे, आणि त्यातल्या पाच जणी मूळच्या आपल्याकडच्या होत्या.

आणि मुलगा व्हावा म्हणून देतात ती औषधं. हे लिहिताना हात थरथरतो, पण लिहिते. पाळी चुकली की ठराविक दिवशी गाईच्या दुधातून घ्यायची पुडी, अजूनही मागायला येतात, आणि मागायला सासूच येते असं नाही, शिकलेल्या मुली येतात. बाळाचं लिंग गर्भ राहतो त्या क्षणी ठरलेलं असतं आणि ते नवऱ्याच्या बीजावरून ठरतं. नंतर कुठल्याही पुडीने ते बदलत नाही, पण बाळाचे अवयव तयार होण्याचे तेच दिवस असतात, आणि त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. कोणी कितीही जवळचं देत असलं तरी घेऊ नका गं.

चौथं : डबा उलटा करा

पुढच्या बाजूला गोंडस बाळाचा फोटो असतो, मागच्या बाजूला बारीक अक्षरात खरं काय ते असतं. मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा.

सगळ्यात आधी बघा की हे औषध आहे का फूड सप्लिमेंट. FSSAI चा (सरकारी अन्न सुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर ते खाद्यपदार्थ म्हणून विकलं जातं. ते वाईटच असं नाही, पण रक्त खरंच कमी असेल तर त्यावर विसंबू नका.

मग लोहाचा आकडा. फेरस फ्युमरेट २०० एमजी लिहिलं असेल तर त्यात खरं लोह साधारण ६५ एमजी. "एलिमेंटल" शब्दापुढचा आकडा धरायचा, तो खरा. कॅल्शियमचंही तसंच, कॅल्शियम कार्बोनेट १२५० एमजी म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० एमजी.

आणि सगळ्या गोळ्या कागदावर एकाखाली एक मांडून बेरीज करा. मल्टीव्हिटॅमिनमध्ये फॉलिक, रक्तवाढीच्या गोळीत फॉलिक, वर स्वतंत्र फॉलिक ५ एमजी, असं माझ्याकडे येणाऱ्या फाइलीत नेहमी दिसतं. दोन डॉक्टर असतील तर हमखास. ती यादी पुढच्या व्हिजिटला दाखवा, डॉक्टर स्वतःच एक-दोन कमी करतात.

पाचवं : लाल गोळी आणि कॅल्शियमचं वेळापत्रक

चौथा लागला की लोह. सरकारी लाल गोळी, उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे फुकट मिळते ती, तिच्यात ६० एमजी लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. ती रोज एक, १८० दिवस. "सरकारी आहे, भारी नसेल" असं बऱ्याच जणी म्हणतात, आणि मी मेडिकलवाली असून सांगते की ती चांगली गोळी आहे, घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया होता, आणि पूर्ण १८० दिवस गोळ्या घेतलेल्या होत्या फक्त २६ टक्के. गोळी मिळते पण ती पिशवीतच राहते, कारण मळमळतं, पोट साफ होत नाही, संडासला काळं होतं आणि त्याला घाबरून बायका बंद करतात. काळं होणं अगदी नॉर्मल आहे. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या, बद्धकोष्ठ झालं तर पाणी, काळे मनुके, पालेभाजी वाढवा, तरी नाहीच जमलं तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या प्रकारचं लोह घ्या, पण बंद नका करू. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. ७ ते ११ च्या मध्ये असेल तर डोस वाढवतात, आणि ७ च्या खाली गेलं तर घरी गोळ्यांवर बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

कॅल्शियम पण चौथ्यापासून, सरकारी गोळी दिवसाला दोन, प्रत्येकीत ५०० एमजी कॅल्शियम आणि २५० युनिट व्हिटॅमिन डी.

आता मुख्य मेख : लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, कॅल्शियम लोह शोषू देत नाही, मध्ये दोन तास तरी हवेत. चहा-कॉफी-दूध लोहाच्या आगेमागे तासभर नको. लिंबूपाणी, आवळा, पेरू बरोबर घेतलं तर लोह चांगलं लागतं. आणि थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यापासून दोन्ही चार तास लांब. मी मुलींना असं लिहून देते : सहा वाजता उपाशीपोटी थायरॉईड, अकराला लिंबू सरबताबरोबर लाल गोळी, दुपारी एक-दीडला जेवणानंतर कॅल्शियम, रात्री जेवणानंतर दुसरं कॅल्शियम. थायरॉईड नसेल तर लाल गोळी सकाळीच घेतलीत तरी चालेल, फक्त चहाच्या आधी तासभर. नोकरी असेल तर मोबाईलला अलार्म लावा, आणि नवऱ्याच्या मोबाईललाही लावा, हे त्याचंही काम आहे.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होत असतील तर लोहाची घाई नको, तेव्हा फॉलिक तेवढं चालू ठेवा.

बाकीचं थोडक्यात

व्हिटॅमिन डीचं सॅशे ६०,००० युनिटचं असतं, ते डॉक्टरने सांगितलं तरच आणि सांगितलेल्या दिवशीच, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा. एक मुलगी चारचं पाकीट घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी पुन्हा आली, रोज एक घेत होती. तेव्हापासून मी सॅशेवर पेनाने वार लिहून देते.

मीठ आयोडीनवालं. हल्ली हौसेने सैंधव आणतात, पण साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं आणि बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं, तेव्हा निदान हे नऊ महिने पाकिटावर आयोडाइज्ड वाचूनच घ्या.

ओमेगा किंवा DHA, म्हणजे माशांत मिळणारी चांगली चरबी : मासे खात असाल तर बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, वेगळी कॅप्सूल लागत नाही. मोरी मात्र नको, त्यात पारा जास्त असतो. शाकाहारी असाल तर शेवाळापासून केलेली कॅप्सूल मिळते, डॉक्टरांना विचारून घ्या. प्रोटीन पावडर घरात डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे नीट मिळत असतील तर लागत नाही, बऱ्याच डब्यांत साखर भरपूर असते, त्याच पैशात महिनाभर अंडी येतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, खाजगीत दाखवत असाल तरी जाता येतं. जाताना सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, नावं सांगण्यापेक्षा स्ट्रिप दाखवलेली बरी.

आणि डिलिव्हरी झाली की गोळ्या खिडकीत ठेवून विसरायच्या नाहीत. लाल गोळी पुढे अजून १८० दिवस, कॅल्शियम सहा महिने, शाकाहारी असाल तर B१२ सुद्धा, कारण अंगावर पिणाऱ्या बाळाला ते तुमच्याकडूनच जातं. हळिवाचे आणि डिंकाचे लाडू आपल्याकडे तेव्हाच देतात, ते खुशाल खा, फक्त लाल गोळी घेतल्यावर वर दूध पिऊ नका, लाडू दुधाबरोबर आणि गोळी दोन तासांनी.